हंसाच्या पोटातला रंधा

"माणूस काय आणि रंधा काय, मी पाच पावलांवरून ओळखते!" असं कानसबाई छातीठोकपणे सांगत. "पातं बोथट आहे का, हे बघायला हात कशाला लावायचा? चेहऱ्यावर दिसतं!"

कानसबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या बाजारातल्या भंगारवाल्यानं ते ठेवलं होतं. एकदा बाईंनी त्याच्या दुकानात उभं राहून तिथल्या एकूण एक हत्याराचा उद्धार केला, मग दुकानाचा केला, मग दुकानावरच्या पाटीतल्या अक्षराचा केला. तो बिचारा कपाळाला हात लावून म्हणाला, "तोंड आहे की लोखंड घासायची कानस!" दुसरी कुणी असती तर भांडली असती. बाईंनी एवढंच विचारलं, "कोणती? भरड की बारीक?" झालं, नाव चिकटलं ते चिकटलंच.

सुतारकाम त्या कुणाकडे शिकल्या नव्हत्या. वीस वर्षांपूर्वी एका सुतारानं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला दार बसवलं, ते लागेना. सुतार म्हणाला, "बाई, लाकूड आहे ते. श्वास घेतं." बाई म्हणाल्या, "घेऊ दे की! तोंड मिटून घेऊ दे!" आणि दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारातून एक रंधा आणून त्यांनी स्वतःच ते दार घासून बसवलं. तेव्हापासून मागच्या खोलीत हत्यारं जमत गेली. सगळी जुनी, कुणीतरी वापरून वापरून गुळगुळीत केलेली. नव्या हत्यारांचं नाव काढलं की बाईंचा चेहरा औषध प्यायल्यासारखा व्हायचा. "ती पिवळ्या प्लॅस्टिकच्या मुठीची पटाशी? दात घासायच्या ब्रशासारखी दिसते, आणि कापतेही तेवढंच!"

आता हे तोंड फक्त हत्यारांपुरतं असतं तर निभावलं असतं. पण घरात सून आली होती. चार महिने झाले होते. मुलाची नोकरी फिरतीची, तो महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे कानसबाईंच्या समोर ही एकटीच. सुनेनं चहा केला की बाई म्हणत, "रंग आहे, वाफ आहे. चहा तेवढा राहिला." तिनं कपड्यांच्या घड्या घातल्या की म्हणत, "कुणाशी झटापट झाली का गं?" पोरगी गरीब होती. हसायची, मान खाली घालायची, आणि मनातल्या मनात ठरवायची, की जगात आईंना आवडणारी एखादी तरी वस्तू असेल. ती मी शोधून काढीनच!

सध्या बाईंचा जीव अडकला होता तो एका खुर्चीत. नवरा, म्हणजे पोस्टातले साहेब, निवृत्त झाले तेव्हा बाईंनी जाहीर केलं होतं, "तुमच्यासाठी आरामखुर्ची मी स्वतः करणार!" दोन वर्षं झाली. खुर्चीला पाय होते, पाठ होती, बैठक होती. हात नव्हते! हातांना मनगटासारखी गोलाई द्यायची, तर त्याला सायकलच्या हँडलसारखा दोन्ही बाजूंनी धरायचा छोटा रंधा लागतो. दोन मुठींचा. नव्यातला एक आणून बघितला, तर पहिल्याच ओढीला मूठ बाईंच्या हातात आणि पातं लाकडात! त्यानंतर त्यांनी शपथच घेतली, की जुना मिळेल तेव्हाच हात होतील.

"तुझ्या खुर्चीला हात येईपर्यंत माझे पाय जातील," साहेब म्हणत. थट्टा होती, पण मागच्या आठवड्यात ती अंगाशी आली. वर्तमानपत्र वाचता वाचता साहेबांना डुलकी लागली आणि ते उजवीकडून सरळ जमिनीवर! कोपर सुजलं. बाई शेक देताना म्हणाल्या, "बसता येत नाही साधं!" पण त्या रात्रभर कूस बदलत होत्या, हे साहेबांना ठाऊक होतं.

अशात रविवारी सकाळी बातमी लागली. एक म्हातारे चित्रकलेचे मास्तर वारले होते. मागे बायकामुलं नव्हती. त्यांच्या पुतणीनं घर रिकामं करायला सगळं सामान विक्रीला काढलं होतं. कानसबाईंनी चप्पल घातली, सुनेच्या हातात पिशवी दिली आणि निघाल्या.

"आई, कोणतं हत्यार घ्यायचंय?" सुनेनं वाटेत विचारलं.

"तुला सांगून काय उपयोग? तू फक्त पिशवी धर. आणि हो, तिथे कशालाही छान म्हणायचं नाही!"

पुतणी भली बाई होती. दारातच टेबल टाकून बसली होती, आणि टेबलाला पुठ्ठा टांगला होता. 'पैसे टेबलावर पडेपर्यंत वस्तू कुणाचीच नाही. दोघांना एकच हवी असेल तर जो जास्त देईल त्याची.' तो नियम वाचून बाईंच्या कपाळावर आठी पडली. कारण सरळ होतं. या शहरात जुनी हत्यारं शोधत हिंडणारं आणखी एक माणूस होतं, आणि ते डोळे मिटून वाटेल तेवढे पैसे द्यायचं. तो होता दातांचा डॉक्टर!

हा डॉक्टर हत्यारं वापरत नसे. तो ती दवाखान्याच्या भिंतीवर टांगत असे! खाली चिठ्ठी, 'प्राचीन'. वर छोटा दिवा. दात दुखणारी माणसं बाकावर बसून वर बघायची, तर डोक्यावर दोन हात लांबीची करवत! निम्मी तिथूनच बरी होऊन घरी जायची. कानसबाईंच्या मते असं हत्यार टांगून ठेवणं म्हणजे कामाच्या माणसाला दारात उभं करून त्याच्या गळ्यात पाटी अडकवणं.

मागच्या खोलीत रंगांच्या वाळलेल्या नळ्या, मोडके ब्रश, बाटल्यांची झाकणं असा पसारा होता. बाईंनी टेबलाचा खालचा खण ओढला. तो तिथे होता! दोन मुठींचा! वर गंज होता, पण नुसता साईसारखा. मुठींवर अंगठ्यांच्या दोन खळग्या पडलेल्या. हातात घेतला तर हात जणू घरी आला. "आता खुर्चीला हात!" त्या पुटपुटल्या.

आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ओळखीचा खाकरा ऐकू आला. डॉक्टर!

आता काय करायचं? पुतणीच्या टेबलाकडे जावं, तर वाटेत तो. पिशवीत टाकावा, तर ती चोरी, आणि कानसबाई तोंडानं कशाही असल्या तरी हातानं स्वच्छ होत्या. लपवायला हवा. थोडा वेळच. हा बाबा जाईपर्यंत. पण कुठे? जिथे कुणाचाही हात जाणार नाही अशा ठिकाणी. बाईंनी खोलीभर नजर फिरवली, आणि कोपऱ्यात त्यांना तो दिसला.

हंस!

म्हणजे करणाऱ्याच्या मनात हंस असावा. कमरेइतका उंच, लाकडी, वर सोनेरी रंग फासलेला. मान अशी वळलेली, की कुणीतरी पिळून वाळत घातलीय. डोळ्यांच्या जागी लाल काचा. चोचीत दिवा! पाठीवर झाकण, आणि झाकण उघडलं की पोटात गुलाबी मखमल. चपला ठेवायच्या, शाली ठेवायच्या की अंडी उबवायची, देव जाणे. गळू झालेल्या बदकाला लग्नात नेण्यासाठी सजवलं तर ते असं दिसेल!

"याला शहाणा माणूस हात लावणार नाही आणि वेडा पैसे देणार नाही," बाईंनी निकाल दिला. झाकण उघडलं, रंधा मखमलीत ठेवला, झाकण लावलं. ते नीट बसेना. पुन्हा उघडलं. रंधा जरा आत सरकवला. लावलं. पुन्हा उघडून एकदा डोळे भरून बघितलं. मग झाकणावर हलकेच थोपटून त्या म्हणाल्या, "राहा हं राजा इथे. आलेच मी."

मागे वळतात तो दारात सून! पिशवी छातीशी धरून, डोळे विस्फारून उभी.

"काय गं? भूत बघितलंस?"

"नाही आई." तिचा चेहरा कसा तरीच झाला होता. आनंदल्यासारखा. बाईंना वाटलं, उन्हातून आल्यामुळे असेल.

बाहेरच्या खोलीत डॉक्टर उभाच होता. "काय वहिनी, मिळालं काही?"

"छे! सगळं भंगार," बाई सवयीनं म्हणाल्या आणि तिथेच त्यांनी जीभ चावली. डॉक्टरचे डोळे लकाकले. अकरा वर्षांत तो एवढं तरी शिकला होता, की कानसबाई जिथे भंगार म्हणतात तिथे थांबायचं!

"असं? मग बघूच दे जरा," म्हणत तो मागच्या खोलीकडे वळला.

"डॉक्टर!" बाई जवळजवळ किंचाळल्या. "चहा घेऊ या!"

डॉक्टर जागच्या जागी थिजला. अकरा वर्षांत या बाईनं त्याला साधं पाणी विचारलं नव्हतं.

"तब्येत बरी आहे ना वहिनी?"

"चला हो! समोरच टपरी आहे. माझ्याकडून!"

वीस मिनिटं. पूर्ण वीस मिनिटं कानसबाई गोड बोलल्या! त्यांनी डॉक्टरच्या भिंतीची तारीफ केली. दिव्यांची केली. 'प्राचीन' या चिठ्ठीतल्या वळणदार अक्षराचीही केली. गालांना सवय नसल्यानं दुखायला लागलं. वेळ काढायला त्यांनी टोस्ट मागवला, तो इतका कडक निघाला की दाढेतून कळ थेट कानात गेली.

"उजवी दाढ दुखते का?" डॉक्टरनं लगेच विचारलं.

"अजिबात नाही!"

"डावीकडून चावताय."

"माझी मर्जी!"

तेवढ्यात डॉक्टरचा फोन वाजला. दवाखान्यात कुणीतरी सुजलेला गाल घेऊन आलं होतं. "निघायला हवं. चहाबद्दल आभार हं वहिनी," म्हणत तो गेला. बाईंनी उरलेला टोस्ट बशीत टाकला आणि धावत रस्ता ओलांडला.

मागच्या खोलीचा कोपरा रिकामा होता.

धुळीत त्याच्या पायांचे ठसे तेवढे होते. हंस नव्हता! बाईंनी टेबलामागे बघितलं, पडद्यामागे बघितलं. कमरेइतका सोनेरी हंस पडद्यामागे मावतो का, हे त्या क्षणी त्यांना सुचलं नाही.

"अहो ताई! तो... तो तिथला पक्षी?"

"हंस होय? विकला गेला की!" पुतणी खुशीत होती. "आत्ताच टेम्पोत घालून नेला."

"विकला? कोण मूर्ख तो?"

"असं म्हणू नका हो. फार प्रेमळ माणूस. पैसे देताना डोळ्यांत पाणी होतं."

"नाव सांगा!"

"नाही सांगता येणार. कुणालाही सांगणार नाही, असा शब्द दिलाय मी."

बाईंनी विनवलं, दटावलं, मास्तरांच्या आत्म्याची शपथ घातली. पुतणी हसत राहिली. शेवटी त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "आणि आमची सून?"

"डोकं दुखतंय म्हणाली. घरी गेली."

"डोकं आहे हीच बातमी आहे!" बाई करवादल्या आणि पायरीवर बसून विचार करू लागल्या.

विचार एकाच दिशेनं गेला. चोरून विकत घेणारा कोण? पैसे डोळे मिटून देणारा कोण? ऐन वेळी फोन कुणाचा आला? सुजलेला गाल म्हणे! आपण इकडे त्याला चहा पाजत बसलो, आणि तिकडे याचा कंपाउंडर हंस घेऊन पसार! आणि ते डोळ्यांतलं पाणी? ते हसून हसून आलेलं असणार! कानसबाई तरातरा उठल्या आणि दवाखान्याकडे निघाल्या.

कंपाउंडर दारात आडवा आला. "काय होतंय?"

"मला काय होणार?" म्हणता म्हणता त्यांनी आत नजर टाकली. बाकाखाली काही नव्हतं. कपाटामागे काही नव्हतं. पण आतल्या खोलीचं दार बंद होतं! आत जायला एकच वाट होती. बाईंनी गाल धरला. "दाढ! दाढ दुखतेय! मेले!"

दोन मिनिटांत त्या डॉक्टरच्या त्या लांबलचक खुर्चीत आडव्या झाल्या. मान वळवून वळवून त्या बंद दाराकडे बघत होत्या.

"त्या दारामागे काय आहे?"

"एक्स-रे."

"बघू!"

"बघायलाच हवं," डॉक्टर म्हणाला, आणि त्यानं खरोखरच बाईंच्या दाढेचा एक्स-रे काढला. खोली वीतभर होती. त्यात यंत्र, एक स्टूल आणि भिंतीवर टांगलेलं गिरमिट. हंस काय, चिमणीही मावली नसती.

"वहिनी, ही दाढ आतून पार पोखरलीय. आजच काढू या."

"नको! मी फक्त..." एवढं बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तेच चुकलं. सुई आत! अर्धा जबडा कुणीतरी उसना नेल्यासारखा झाला. मग तोंडात आरसा, नळी, चिमटा. आणि आयुष्यात पहिल्यांदा कानसबाईंचं तोंड उघडं होतं पण त्यांना बोलता येत नव्हतं. डॉक्टरनं त्याचा पुरता फायदा घेतला.

"एक सांगतो वहिनी. आज मी खरं म्हणजे एका वस्तूसाठी आलो होतो. दोन मुठींचा छोटा रंधा. परवा पुतणीबाईंनी दाखवला होता. आपण चहा घेत होतो तेव्हा कंपाउंडरला पाठवून खण बघवला, तर गायब! कुणीतरी लपवला असणार. लपवणारी माणसं फार हलकी असतात, नाही?"

"आँ..." बाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर. तोंड मोठं उघडा."

म्हणजे याच्याकडे नाही! याला माहीतसुद्धा नाही! मग मी इथे कशाला... "आँ! आँ!" बाईंनी हात हलवले.

"झालंच, झालंच!" डॉक्टर म्हणाला, आणि कट्ट!

रंधा शोधायला गेलेल्या कानसबाई दाढ देऊन बाहेर पडल्या. तोंडात कापसाचा बोळा, आणि सक्त ताकीद, की दोन तास एक शब्द बोलायचा नाही. कंपाउंडरनं दाढ कागदात बांधून दिली. जणू आहेरच!

घराचं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि बाई खांबासारख्या उभ्या राहिल्या.

बैठकीच्या खोलीत, बरोबर मधोमध, हंस होता! भर दुपारी चोचीत दिवा पेटलेला. लाल डोळे बाईंकडेच रोखलेले. शेजारी सून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून उभी. पलीकडे बिनहाताच्या खुर्चीत साहेब, सुजलेलं कोपर मांडीवर घेऊन, मजा बघत.

"आई," सून म्हणाली, "मी बघितलं तुम्हाला. तुम्ही त्याला थोपटत होता. राजा म्हणालात. तीन तीनदा झाकण उघडून बघत होता. तुम्हाला एवढं काही आवडलेलं मी कधी... मग तुम्ही चहाला गेलात, आणि मी माझ्या साठवलेल्या पैशांतून... आवडला ना?"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इंजेक्शन उतरत होतं आणि दाढेची जागा ठणकत होती.

"रडतेय!" साहेब उभे राहिले. "अगं, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा हिची बोलती बंद झाली! सूनबाई, तू जिंकलीस!"

बाई हंसावर झेपावल्या. झाकण उघडून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला, गाल त्या सोनेरी मानेला घासला गेला. सुनेला वाटलं, मिठी मारली! ती हुंदके द्यायला लागली. पोट रिकामं होतं. नुसती गुलाबी मखमल!

बाईंनी वळून दोन मुठी पुढे धरल्या आणि जोरजोरात मागेपुढे ओढून दाखवल्या.

"सायकल?" साहेब म्हणाले.

बाईंनी मान हलवली. पुन्हा मुठी.

"नाव वल्हवायचीय? अगं, हंसाला पाण्यात सोडायचं म्हणतेस का?"

"आई, टेम्पोतून आणला हो, सायकलवरून नाही," सून घाईघाईनं म्हणाली. मग तिला आठवलं. "अय्या, आणि आत कसलं तरी गंजकं लोखंड राहिलं होतं. ते मी पुतणीताईंना तिथेच परत दिलं. आपण हंसाचेच पैसे दिले होते ना! बरोबर केलं ना, आई?"

कानसबाई मटकन जमिनीवर बसल्या. त्यांनी लिहायची खूण केली. साहेबांनी कागद-पेन्सिल आणून दिली. आता मात्र सगळं बाहेर येणार होतं! हे ध्यान कुणी आणायला सांगितलं, डोळे कुठे होते, ते लोखंड नव्हतं, ती तुझ्या सासऱ्यांच्या खुर्चीची दोन वर्षं होती! बाईंनी पेन्सिल टेकवली. वर बघितलं.

सून ओठ दाताखाली धरून, श्वास रोखून पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होती. चार महिन्यांत ही पोरगी जेवताना कधी टेकून बसली नव्हती. आज हंसाला टेकून उभी होती.

मग बाईंनी लिहिलं, 'चोच दाराकडे नको. जरा डावीकडे सरकवा.'

सुनेनं ते दोनदा वाचलं आणि टाळीच वाजवली. त्या घरात आजवर तिनं ठेवलेली प्रत्येक वस्तू 'उचल' म्हणून उचलावी लागली होती. नुसतं सरकवायला सांगितलेली ही पहिलीच!

रंध्याचं काय झालं ते आठवड्यानं कळलं. टाके काढायला बाई दवाखान्यात गेल्या, खुर्चीत आडव्या झाल्या आणि समोर भिंतीवर बघतात तो, तिथे तो होता! तारेनं बांधलेला, वर दिवा, खाली चिठ्ठी, 'प्राचीन'.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाला. "त्याच संध्याकाळी पुन्हा एक चक्कर टाकली. दारातल्या टेबलाखाली पेटीत पडला होता! पुतणीबाई म्हणाल्या, एक मुलगी परत देऊन गेली. काय प्रामाणिक माणसं असतात हो जगात!"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"बरं वहिनी, एक विचारू का? आमच्या मंडळींनी तो हंस विक्रीत बघितला होता. तेव्हापासून माझ्यामागे लागलीय. तो तुमच्याकडे आहे असं कळलं. मला द्या. आणि त्याच्या बदल्यात..." त्यानं भिंतीवरचा रंधा काढून बाईंच्या मांडीवर ठेवला. "हा घेऊन जा!"

दोन्ही अंगठे आपोआप त्या खळग्यांत जाऊन बसले. बाईंच्या डोळ्यांपुढे खुर्चीचे गोल गुळगुळीत हात आले. साहेब आले, डुलकी घेताना न पडणारे. आणि ते गळूवालं बदक घरातून जाताना दिसलं! एक शब्द बोलायचा अवकाश होता.

पण त्या आठवड्यात घरात एक विपरीत घडलं होतं. सून बोलायला लागली होती! रोज सकाळी हंस पुसताना गुणगुणायची. परवा तर मागच्या खोलीत येऊन तिनं विचारलं, "आई, ही पटाशी कशी धरायची?" आणि बाई "पेन धरल्यासारखी तर नाहीच!" म्हणाल्या, तर ती चक्क हसली. घाबरून नव्हे, हसू आलं म्हणून. आता घरी जाऊन तिला काय सांगायचं? तुझा हंस एका गंजक्या लोखंडावर दिला?

"नाही," कानसबाई म्हणाल्या. आवाज जरा जडच होता. त्यांनी रंधा डॉक्टरच्या हातात ठेवला. "हंस द्यायचा नाही."

"का पण? तुम्हाला तर असलं काही..."

"आमच्या हंसाला दवाखान्याचा वास सोसणार नाही! आणि तुमच्या घरात तो शोभणारही नाही. काढा टाके!"

डॉक्टरचे डोळे लकाकले. कानसबाई ज्या वस्तूला धरून बसतात ती काय किमतीची असेल, याचा तो बिचारा पुढे कित्येक दिवस हिशेब करत राहिला. पुतणीला विचारून आला, जुन्या बाजारात चौकशी केली. सोनेरी रंग हा खऱ्या सोन्याचा मुलामा असल्याची अफवा अजून त्या बाजारात फिरते आहे.

त्याच दुपारी बाईंनी करवत घेतली आणि खुर्चीचे हात सरळ चौकोनी कापून ठोकून टाकले. गोलाई गेली उडत! असले हात दुसऱ्या कुणी केले असते तर बाईंनी त्याला गावातून हाकललं असतं. साहेबांनी बसून बघितलं. "टोचतात जरा," ते म्हणाले, "पण पडत नाही." आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

बाई त्यांच्याकडे बघत दारात उभ्या होत्या. तोंड आता पूर्ण बरं झालं होतं. इतक्या दिवसांचं साठलेलं बोलून टाकायला काहीच हरकत नव्हती. तेवढ्यात सून आतून धावत आली, हातात फोन, चेहरा नुसता उजळलेला.

"आई! आई, पुतणीताईंचा फोन होता! आपला हंस एकटा नाहीये, जोडी आहे त्याची! मास्तरांनी दुसरा चुलत बहिणीला दिला होता. ती म्हणाली, एवढी कदर करणारं घर असेल तर फुकट घेऊन जा! तुम्हाला सांगितलंच नाही मी. टेम्पो... टेम्पो आलासुद्धा!"

फाटकाशी टेम्पो खरंच थांबला होता. मागे दोरखंडात आवळलेली आणखी एक पिळलेली सोनेरी मान. चोचीत दिवा. हा तर पहिल्याहून हातभर उंच!

कानसबाईंनी एक मोठा श्वास घेतला. सुनेकडे बघितलं. हंसाकडे बघितलं. मग कमरेला पदर खोचून फाटकापर्यंत गेल्या, आणि टेम्पोवाल्यावर अशा कडाडल्या की साहेब खुर्चीत दचकून जागे झाले.

"अरे ए, डोळे आहेत की बटणं? हळू उतरव! मान मोडेल त्याची!"